हरतालिका येतेय, पाण्याबद्दल बोलूया

पोळा झाला की तिसऱ्या दिवशी हरतालिका. मग गणपती, मग पितरपाटा, मग नवरात्र. म्हणजे पुढचा दीड महिना आपल्या ब्राह्मणपुरीत घरोघरी कोणाचा ना कोणाचा उपास असणार. म्हणून हे आत्ताच लिहिते. जरा लांब झालंय, पण शेवटपर्यंत वाचा, आणि घरातल्या ज्या बाईकडे मोबाईल नसेल तिला वाचून दाखवा.

आधीच सांगते, मी स्वतः उपास करते. चतुर्थी धरते, एकादशी धरते, नवरात्रात उठता-बसता करते. त्यामुळे "हिला देवाधर्माचं वावडं आहे" अशी कमेंट टाकणाऱ्यांनी दमानं घ्यावं. माझं म्हणणं उपासाविरुद्ध नाही. उपासाच्या दिवशी पाणी आणि औषध बंद करण्याविरुद्ध आहे. आणि ते बंद करून वर दिवसभर शेतात राबण्याविरुद्ध तर नक्कीच आहे.

सध्या व्हॉट्सॲपवर उपासाची फार जाहिरात चालू आहे. सोळा तास पोट रिकामं ठेवा, शरीर स्वतःच स्वतःची दुरुस्ती करतं, कॅन्सर पळतो, आणि त्यासाठी जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालंय. यातलं नोबेल खरं आहे. २०१६ साली योशिनोरी ओसुमी यांना ते मिळालं. पेशी स्वतःमधला जुना कचरा मोडून पुन्हा कसा वापरते, ही यंत्रणा त्यांनी उलगडली. पण त्यांचे ते गाजलेले प्रयोग यीस्टवर होते, म्हणजे पाव फुगवायला जे वापरतात त्यावर. एकादशी केल्याने गाठ विरघळते असं त्यात कुठेही नाही.

फायदा अजिबात नाही असंही मी म्हणत नाही. जेवणानंतर दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही, तर यकृतात साठवलेली साखर संपत येते आणि शरीर चरबी जाळायला लागतं. ज्याच्या अंगावर चरबी जास्त आहे, ज्याची साखर वाढलेली आहे, जो दिवसातून सहा वेळा काही ना काही तोंडात टाकतो, त्याला याचा उपयोग होतो. आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दोन वेळा जेवणाचा मार्ग धरून कित्येकांनी पोट कमी केलंय, शहाद्यात असे चार जण तर माझ्याच ओळखीचे आहेत. मात्र २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझूचा एक अभ्यास आला. लठ्ठ असलेली १३९ माणसं, एक वर्ष. निम्म्यांना सकाळी आठ ते दुपारी चारच्या आतच खायला सांगितलं, निम्म्यांना वेळेचं बंधन नाही, पण कॅलरी दोघांनाही सारख्याच कमी. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांचं वजन उतरलं आणि दोघांत लक्षात घ्यावा असा फरक निघाला नाही. थोडक्यात घड्याळापेक्षा ताटात काय आणि किती, यानेच काम केलं.

आता हा सगळा हिशेब कोणाच्या शरीरासाठी आहे ते बघा. जास्त खाणाऱ्याच्या. आपल्या गावात सगळ्यात जास्त उपास कोण धरतं? ज्या बाया आधीच कमी खातात त्या. दोन वेळा जेवायला त्यांना कोणा डॉक्टरने सांगायची गरज नाही. त्या दोनदाच जेवतात, आणि दुसऱ्यांदा तर सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते.

एकदा मोजून बघा. वर्षाच्या एकादश्या चोवीस. संकष्टी बारा. आठवड्याचा एक वार धरला, गुरुवार म्हणा, शुक्रवार म्हणा, तर बावन्न. नवरात्राचे नऊ. श्रावणी सोमवार, शिवरात्र, जन्माष्टमी, रामनवमी, वटपौर्णिमा, हरतालिका. काही दिवस एकमेकांवर पडतात, ते वजा केले तरी शंभराच्या आसपास भरतात. शिवाय गुजरातकडून आपल्या भागात आलेलं दशामाचं दहा दिवसांचं व्रत आहे, ते धरणाऱ्या वेगळ्या. यातले बरेच उपास संध्याकाळी सुटतात, हे मान्य. तरी वर्षातले शंभर दिवस सकाळ-दुपारची भाकरी नाही, वरण नाही, मेथी-पोकळ्याची भाजी नाही. अंगात रक्त ज्या जिनसांनी तयार होतं, नेमक्या त्याच शंभर दिवस ताटातून गेल्या.

त्यांच्या जागी काय आलं? साबुदाणा. हा तामिळनाडूत सेलमच्या बाजूला टॅपिओकाच्या कंदापासून कारखान्यात बनतो. कंदाचा चोथा, तंतू सगळं काढून टाकून फक्त पीठ उरवतात. शंभर ग्रॅम साबुदाण्यात प्रथिन एक ग्रॅमही नाही, लोह नावापुरतं. गंमत म्हणजे टॅपिओका, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, ही चारही मंडळी मुळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे आली. आपल्या पणजीच्या पणजीने एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्लीच नसणार. पण आज ज्वारीची भाकरी उपासाला चालत नाही आणि ही चालते. असो, तो वाद मी शास्त्रीबुवांसाठी सोडते.

आणि चहा. उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी चार-पाच कप चहा तर ठरलेलाच. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. म्हणजे आधीच लोह कमी, त्यावर चहा, आणि अंगणवाडीतून मिळालेली लोहाची लाल गोळी "आज उपास आहे" म्हणून डब्यातच. गरोदर बाईला अशा १८० गोळ्या रोज एक याप्रमाणे घ्यायच्या असतात. तिने महिन्यातून आठ दिवस वगळले तर सहा महिन्यांत अठ्ठेचाळीस गोळ्या राहतात. उपाशीपोटी गोळीने मळमळतं हे खरं आहे, पण त्यावर उपाय आहे. संध्याकाळी फराळ झाल्यावर घ्या, चहापासून तास-दीड तास लांब घ्या, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४.२ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे वाढलाय. हा सगळ्या राज्याचा आकडा, त्यात पुणे-मुंबईही आली. आपला जिल्हा कुपोषणासाठी पेपरात येतो, तेव्हा आपलं काय असेल याचा अंदाज करायला सर्वेक्षण लागत नाही. जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, नखं पांढुरकी झालीत, अशा किती जणी तुमच्या गल्लीत आहेत ते बघा. आणि मग त्यांना विचारा, आठवड्यात उपास किती. सगळं रक्त उपासानेच कमी झालं असं नाही. पाळीत जाणारं रक्त आहे, लागोपाठची बाळंतपणं आहेत, पोटातले जंत आहेत. पण या सगळ्यावर उपास हा वरचा बोजा आहे, आणि यातला तेवढाच एक आपल्या हातात आहे.

आता हरतालिकेचं. निर्जळी. भाद्रपदात पावसाची उघडीप पडली की आपल्याकडचं ऊन कसं असतं ते शेतात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. जमिनीतून वाफ, वरून चटका. कपाशीची निंदणी चालू असते, पपईच्या बागेत काम असतं. ज्यांची शेती स्वतःची आहे त्या त्या दिवशी घरी राहतात. ज्या मजुरीने जातात त्या दिवस पाडत नाहीत, कारण दिवस पाडला तर रोज पडतो. पुढे नवरात्रात तर कापूस वेचणी सुरू झालेली असते आणि ती किलोवर. जितकं वेचलं तितकेच पैसे. नऊ दिवस पायात चप्पल नाही, पोटात खिचडीचा एक डाव, आणि हात थांबला की पैसा थांबला. विचारलं तर म्हणतात, "काही व्हत नही ताई, इतला वरीस व्हयनात." एवढी वर्षं झाली, काही होत नाही.

होतं काय ते सांगते. घामाने पाणी आणि मीठ जातं, आत काही येत नाही. रक्त घट्ट होतं, रक्तदाब उतरतो, डोकं दुखतं, चक्कर येते. लघवी गडद आणि कमी होते, आणि ज्यांना मुतखड्याची खोड आहे त्यांचा खडा अशाच दिवसांत डोकं वर काढतो. धडधाकट बाई रात्री पाणी पिऊन सावरते. पण आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे हे सगळं किरकोळ वाटावं. सिकलसेल.

नंदुरबार हा राज्यातल्या सिकलसेल जास्त असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यात दहातले जवळपास सात जण आदिवासी आहेत, आणि हा आजार आदिवासी समाजात जास्त आढळतो, पण फक्त त्यांच्यातच नाही. यात तांबड्या पेशी ताण पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांत, सांध्यांत, छातीत अशा कळा येतात की मोठा माणूस ओरडतो. हा ताण कशाने पडतो, तर अंगातलं पाणी कमी झालं, जास्त श्रम झाले, ताप आला, थंडी बाधली. सिकलसेलच्या पेशंटला पहिला सल्ला असतो तो भरपूर पाणी प्यायचा. आता सांगा, ज्या पोरीला सिकलसेल आहे तिने चांगला नवरा मिळावा म्हणून दिवसभर पाण्याचा थेंब न घेता राहायचं? केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ च्या जुलैपासून चालू आहे, तपासणी होते, कार्डही मिळतं. कार्ड ट्रंकेत आणि उपास अंगावर, असं चाललंय.

शुगरवाल्यांचंही तसंच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण चुकवलं तर साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, बडबड, आणि नंतर बेशुद्धी. रमजानच्या रोज्यांवर २००१ साली तेरा देशांत बारा हजारांहून जास्त मधुमेही पेशंटचा अभ्यास झाला होता. साखर धोकादायक उतरण्याचे प्रकार रोज्याच्या महिन्यात नेहमीच्या साडेसात पट झाले, तेही ज्यांना आपण साधी शुगर म्हणतो त्या टाइप-२ वाल्यांत. बरं, यावर आपली माणसं काय करतात? उपास म्हणून गोळीच सोडतात आणि साबुदाणा, बटाटा, केळी, राजगिऱ्याचा गोड लाडू खातात. मग साखर उलटी वर जाते. उपासाच्या दिवसाचं गोळीचं गणित डॉक्टरशी आधी बोलून बसवता येतं. कोणती गोळी अर्धी, कोणती संध्याकाळी, हे तेच सांगू शकतात. शेजारणीला विचारू नका.

"फक्त आपल्याच सणांवर का बोलता" हा प्रश्न येणार, म्हणून हेही लिहून टाकते. मुसलमानांत रोजा निर्जळी असतो, पण पहाटे सेहरी, संध्याकाळी इफ्तार. आजारी आणि प्रवासातल्या माणसाला सूट आहे, ते रोजे नंतर भरून काढता येतात. जैनांचा उपास आपल्या सगळ्यांपेक्षा कडक, पर्युषणात आठ-आठ दिवस अन्न नाही. पण त्यांच्यातले बरेच जण उकळून गार केलेलं पाणी दिवसा घेतात. अण्णा हजारे २०११ च्या ऑगस्टमध्ये बारा दिवस उपोषणाला बसले, तेव्हाही ते पाणी पीत होते. रोज डॉक्टर येऊन वजन, रक्तदाब बघायचे आणि टीव्हीवर सांगायचे. आपल्या हरतालिकेच्या बाईचा रक्तदाब कोण बघतं? ती चक्कर येऊन बांधावर बसली तर मुकादम म्हणतो, "चल आटप."

आणि आपलं शास्त्र काय म्हणतं? काशिनाथशास्त्री उपाध्याय पंढरपूरचे. त्यांचा धर्मसिंधू १७९० च्या सुमारास लिहिलेला, आजही भटजी मुहूर्ताला, व्रताला तोच काढून बघतात. त्यात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी दिल्या आहेत. पाणी, कंदमुळं, फळं, दूध ही त्यात आहेत. औषध आहे. गुरूचा शब्दही आहे. एकादशीचं बंधनसुद्धा आठ वर्षांच्या पुढे आणि ऐंशीच्या आत एवढंच सांगितलंय. मग आपल्या नव्वदीच्या आज्या कोणत्या ग्रंथाने उपाशी राहतात? गोळी घेतली की उपास मोडतो, हे कोणी कुठून आणलं देव जाणे.

त्यामुळे माझी पहिली विनंती गावात सप्ताह बसवणाऱ्यांना आणि कीर्तनकार महाराजांना. आशाताई घरोघर सांगून थकतात, त्यांचं कोणी मनावर घेत नाही. व्यासपीठावरून महाराज एकदा म्हणाले की पाण्याने आणि औषधाने व्रत मोडत नाही, तर सगळ्या बाया ऐकतील. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी, शेतमालकांना. यात माझे सख्खे नातेवाईकही आले. हरतालिकेच्या दिवशी मजूर बायांना दुपारी सुटी द्या आणि रोज पूर्ण द्या. वर्षात एक दिवस. ट्रॅक्टरच्या डिझेलपुढे तो आकडा दिसणारही नाही. नवरात्रात वेचणीला पाण्याची टाकी सावलीत ठेवा आणि अकरा वाजता सगळ्यांना बसवून गूळ-शेंगदाणे द्या.

तिसरं, नवरात्र मंडळं आणि एकादशीचा फराळ वाटणारे. भगरीवर लक्ष ठेवा. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी सप्ताहात एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो माणसांना उलट्या सुरू झाल्या. बीबीच्या रुग्णालयात जागा पुरेना, बाहेर दोरीला सलाईनच्या बाटल्या लटकवून लोकांना जमिनीवर झोपवलं होतं. फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. भगरीला ओल लागली की बुरशी धरते, आणि बुरशीचं विष शिजवून जात नाही. सुटी, जुनी, वास येणारी भगर घेऊ नका. दळलेलं पीठ तर नकोच. पाकिटावर तारीख बघा, घरी आणून निवडा, धुवा, लागेल तेवढीच शिजवा आणि सकाळची संध्याकाळी खाऊ नका. चांगली भगर मात्र साबुदाण्यापेक्षा केव्हाही सरस. आपल्याच सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरउतारावर मोर, बर्टी पिकते. तिकडून कोणाची ओळख असेल तर थेट मागवा.

बाकी फराळाचं फार सोपं आहे. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम प्रथिन आहे, लोह आहे. राजगिऱ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी करा, सोबत ताक. आणि पपई! शहाद्याची पपई ट्रक भरभरून दिल्लीपर्यंत जाते आणि आपल्या घरी उपासाला साबुदाण्याचे वडे तळतात. पपईतल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं, आणि आपल्याकडे ती बांधावर फुकट मिळते.

"आमची आजी सगळे उपास करून पंच्याऐंशी वर्षं जगली" हे मला दर वेळी ऐकवतात. जगल्या, आनंद आहे. ज्या बाळंतपणात गेल्या त्यांची नातवंडं हे सांगायला नसतात.

आता हरतालिका ज्यांना करायचीच आहे त्यांच्यासाठी. आदल्या दिवशी नीट जेवा, पाणी भरपूर प्या. पूजेच्या दिवशी निदान पाणी, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किंवा नारळपाणी चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सोडताना आधी पाणी, मग मऊ भात-वरण. उठल्याबरोबर कडक चहा आणि तळलेलं नको. गरोदर, बाळाला अंगावर पाजणाऱ्या, रक्त सातच्या खाली असलेल्या, शुगर-बीपी-किडनीच्या आणि सिकलसेलच्या बायांनी नुसती पूजा करावी, उपास करूच नये. सिकलसेलचं कार्ड ट्रंकेतून काढून आजच दाराजवळ ठेवा. त्या दिवसांत छातीत किंवा हाडांत कळ आली, श्वास लागला, ताप चढला, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

(सप्ताहवाल्या काकांना मी हे प्रिंट काढून देणार आहे. कोणाला हवं असेल तर सांगा, दोन जास्त काढते.)